नागपुरात धंतोलीतला दुसऱ्या मजल्यावरचा स्किनचा दवाखाना: चार स्टार, आणि पाचवा का कापला ते आधी

पाचव्यातला अर्धा स्टार जिन्याने खाल्ला. लिफ्ट नाही. पायऱ्या मोजल्या आहेत, बेचाळीस, आणि मधल्या वळणावर कोणाची तरी रिकामी खोकी रचलेली असतात, म्हणून चढणारा आणि उतरणारा यांच्यातल्या एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. पायाला उघडी जखम असताना मी हा जिना आठ-दहा वेळा चढलो, तेव्हा एवढा राग समजून घ्या. पार्किंगचं धंतोलीत कोणी विचारूच नये. मी गाडी यशवंत स्टेडियमच्या बाजूला लावतो आणि पायी येतो.

वेळेचंही तसंच. सहाचा नंबर देतात, आत जायला सव्वाआठ. रिसेप्शनवरच्या मॅडम 'नंबर लागला की बोलावते' या एका वाक्यावर अख्खी संध्याकाळ काढतात. पैसे मोबाइलवर घेतात, पण तो कोडचा कागद इतका चुरगळलेला की तीनदा मोबाइल धरावा लागायचा. पुढच्या खेपेला मी तो लॅमिनेट करून नेऊन दिला. मॅडमनी तेव्हा पहिल्यांदा दुसरं वाक्य उच्चारलं: "किती झाले?" काही नाही झाले म्हटलं, तरी नंबर सव्वाआठलाच लागला.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. पुढे ज्यांच्या चुका सांगणार आहे त्यांची नावं लिहायची नाहीत असं ठरवलंय, मग एकट्या यांचंच लिहिलं तर ती जाहिरात होते, आणि डॉक्टरबाईंना ती नको आहे. ज्याला खरंच गरज असेल त्याने दुकानावर यावं, सांगतो.

दुकान म्हणजे नंदनवनात माझं झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल बाइंडिंग. पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे कागद हाताळून माणसाला एक खोड लागते. दवाखाना मोठा की छोटा, एसी आहे की कूलर, हे मी पाहत नाही. फॉर्म कसा भरलाय ते पाहतो.

माझी किडनी बदललेली आहे, २०१६ मध्ये. ताईने दिली, ती वर्ध्याला असते. १९९४ च्या कायद्यात सख्खी बहीण जवळच्या नातेवाइकांत धरतात, तरी कागद लागतात ते लागतातच. फाइलचे तीन सेट मी माझ्याच मशीनवर काढले. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी हातात जीव नसायचा, बायको पानं लावून द्यायची. तेव्हापासून सकाळी आठ, रात्री आठ, गोळ्या. अंगाने किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि सकाळी प्रेडनिसोलोनची, म्हणजे स्टिरॉइडची, बारकी गोळी. अलार्म वाजला की काउंटरवरचं गिऱ्हाईकच सांगतं, "भाऊ, गोळी." ग्रेपफ्रूट आणि पपनस बंद, त्याने टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढते. आपलं संत्रं चालतं. ते बंद केलं असतं तर मी ऑपरेशनच्या आधी दोनदा विचार केला असता.

आता पायाचं. २०२४ च्या पावसाळ्यात डाव्या पोटरीवर मागच्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ आली. दुखणं नाही, खाज नाही. रंग जांभळट लाल, पिकायला आलेल्या करवंदासारखा. डास चावला असेल म्हणून सोडून दिलं, नंदनवनात डासांना तोटा नाही. दिवाळीपर्यंत ती बोराएवढी झाली आणि शेजारी दुसरी बारीक उगवली.

मग मी तेच केलं जे आपल्याकडे सगळे करतात. मेडिकलच्या काउंटरवर पाय दाखवला. त्याने ट्यूब दिली. एकाच ट्यूबमध्ये स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषध, म्हणजे काहीही झालं असेल तरी नेम लागलाच पाहिजे असा हिशेब. आठवडाभर लाली कमी झाली, मी खूश. मग पहिल्यापेक्षा जास्त. दुसरी ट्यूब. तिसरी. मग नेहमीचे डॉक्टर, वीस वर्षांची ओळख, माझ्या किडनीचं त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत. त्यांनी मोबाइलवरचा फोटो पाहिला, गळू आहे म्हणाले, शुगर तपासायला लावली आणि अँटिबायोटिकचे दोन कोर्स दिले. पँट वर करा असं काही म्हणाले नाहीत. मीही केली नाही.

सगळा दोष त्यांच्यावर टाकत नाही. दर तीन महिन्यांनी मी किडनीच्या डॉक्टरांकडे जातो. त्या सहा महिन्यांत दोनदा गेलो आणि पोटरीबद्दल एक शब्द बोललो नाही. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालली आहे का ते सांगणारा रक्तातला आकडा, १.३ आलं, हात जोडले, बाहेर. किडनीवाल्या माणसाचं असंच होतं. तो एक आकडा बरोबर आला की आपण पास, बाकीच्या अंगाला कोण विचारतो.

जानेवारीत वरची कातडी फुटली. मधे खड्डा, कडा उंच आणि टणक, तळाला काळपट खपली. बायकोने धुवायला मोजा घेतला तर आत चिकटलेला पू. तिने मोजा तसाच हातात धरून विचारलं, "हे किडनीच्या डॉक्टरांना दाखवलं का?" मी म्हटलं, ते किडनीचे आहेत. त्यावर ती जे म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी किडनीच्या डॉक्टरांसमोर पँट वर केली. त्यांनी खुर्चीतून उठून पाहिलं आणि त्याच संध्याकाळी मला या बेचाळीस पायऱ्यांवर पाठवलं.

इथून स्टार सुरू होतात.

डॉक्टरबाई वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, मला काका म्हणतात. आत गेल्यावर पायाकडे पाहिलंच नाही. पहिला प्रश्न: "काका, गोळ्या कोणत्या, आणि किती वर्षांपासून?" मी डबी काढली. एकेक नाव, किती मिलिग्रॅम, शेवटची टॅक्रोलिमसची लेव्हल किती, किडनी कोणाची, कोणत्या साली, सगळं स्वतःच्या हाताने लिहिलं. मग मी पिशवीतून तिन्ही ट्यूबा काढून टेबलावर ठेवल्या. त्यांनी त्या एकेक उचलून वाचल्या, टेबलाच्या कडेला सरकवल्या आणि बोलल्या काहीच नाहीत. त्या न बोलण्याने मला जेवढी लाज वाटली तेवढी बोलून वाटली नसती.

मग कपडे उतरवायला लावले. हातात भिंग, डोक्यावर दिवा. पोटरी सगळ्यात शेवटी. आधी डोक्याचे केस बाजूला करून, कानामागे, तोंडात, मानेच्या गाठी, काखेतल्या, जांघेतल्या, पाठ, तळपाय, बोटांच्या बेचक्या. वीस मिनिटं. बाहेर तीस माणसं बसलेली. सहाचे सव्वाआठ का होतात हे तेव्हा कळलं, तरी वेळेचा अर्धा स्टार मी वापस देत नाही, कारण नंबर देतानाच सव्वाआठ सांगता येतं.

तपासून झाल्यावर म्हणाल्या, "किडनी बदललेल्या माणसाच्या कातडीवर अशी गाठ आली की मी चार-पाच गोष्टी मनात धरते. खोल बुरशी, टीबीच्या जातीतले जंतू, कातडीचा कॅन्सर, लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. नुसतं पाहून यातलं काहीच ठरत नाही. तुकडा काढावा लागेल."

तुकडा म्हटल्यावर पोटात गोळा आला, तेव्हा ज्यांना काढायचा आहे त्यांच्यासाठी नीट लिहितो. सुई टोचते ती बधिर करायच्या इंजेक्शनची, दहा-पंधरा सेकंद चुरचुरतं. त्यानंतर नुसता दाब कळतो. हत्यार पेनएवढं, टोकाला गोल पातं, त्याला म्हणतात पंच. मी पडल्या पडल्या हसलो. फाइलला भोकं पाडायला आमच्याकडे पंचच असतो. त्यांचा ६ मिलिमीटरचा, आमचाही जवळपास तेवढाच. खपलीच्या मधून घेतला नाही, तिथे मेलेलं मांस असतं म्हणाल्या. उंच कडेवरून घेतला, खालची चरबी येईपर्यंत खोल. पेन्सिलीच्या मागच्या रबराएवढा तुकडा, वर जांभळा, खाली पिवळा. दोन काढले. एक फॉर्मेलिनच्या बाटलीत, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला. दुसरा सलाइनमध्ये, जंतू आणि बुरशी वाढवून पाहायला. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, म्हणून दोन्ही एकाच बाटलीत टाकून चालत नाही. बाटलीवरच्या चिठ्ठीत माझ्या आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं. मी पडल्या पडल्या दुरुस्त करायला लावलं. चुकीच्या नावाचे कागद घेऊन माणसं दुकानात रडताना पाहिली आहेत.

आणि आता तो फॉर्म. लॅबला तुकड्यासोबत जो कागद जातो त्यात रुग्णाच्या इतिहासाचा एक रकाना असतो. मी अशा फॉर्मांच्या झेरॉक्स काढून काढून म्हातारा झालो. तो रकाना बहुतेक रिकामा असतो, नाहीतर 'पायावर गाठ' एवढंच. बाईंनी रकाना भरला, जागा संपली, बाण काढून कागद उलटला आणि मागे लिहिलं. किडनी बदलली २०१६, या गोळ्या, इतकी वर्षं, गाठ केव्हापासून, ट्यूबा कोणत्या लावल्या, आणि शेवटी, लिम्फोमा वाटल्यास ईबीव्हीची तपासणी जरूर करावी. खाली रेघ मारली. मला ईबीव्ही म्हणजे काय ते तेव्हा माहीत नव्हतं, पण मागच्या पानावर गेलेला फॉर्म मी आयुष्यात मोजून दोन-तीन पाहिले असतील. ही तपासणी लॅबवाले आपणहून प्रत्येक तुकड्यावर करत नाहीत. कोणी सांगितलं तर करतात. माझे चार स्टार त्या रेघेला आहेत.

दोन टाके पडले. इथे एक तक्रार. पट्टी लावणाऱ्या मुलाने साधी चिकटपट्टी लावली. आठ वर्षं स्टिरॉइड खाऊन माझी कातडी ट्रेसिंग पेपर झालेली, ती पट्टीबरोबर दोन ठिकाणी निघून आली. बाईंनी त्याला माझ्यासमोरच झापलं आणि पुढे गॉजची गुंडाळी बांधून दिली. किडनीवाल्यांनी आधीच सांगावं, चिकटपट्टी नको.

पहिला रिपोर्ट पाच दिवसांत आला: मोठ्या आकाराच्या लिम्फोसाइट पेशी, पुढच्या खास तपासण्या हव्यात. त्या तपासण्यांना अजून दहा दिवस. त्या दहा दिवसांबद्दल काही लिहीत नाही. रिपोर्ट नीट कागदावर होता, पण लॅबची पावती थर्मल कागदाची, जी काही महिन्यांत कोरी होऊ शकते. आल्या दिवशीच झेरॉक्स काढून ठेवा, माझ्याकडेच काढा असं नाही.

दुसऱ्या रिपोर्टात सीडी२०, म्हणजे बी-पेशींवरची एक खूण, पॉझिटिव्ह, ईबीव्ही पॉझिटिव्ह. नाव एवढं लांब की स्पायरलच्या पट्टीवर मावणार नाही: पोस्ट-ट्रान्सप्लांट लिम्फोप्रोलिफरेटिव्ह डिसऑर्डर, म्हणजे अवयव बदलल्यानंतर लिम्फोसाइट पेशींची बेसुमार वाढ. पुढे त्याची जात, मोठ्या बी-पेशींचा लिम्फोमा.

बाईंनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. ईबीव्ही, म्हणजे एप्स्टीन-बार व्हायरस, हा काही बाहेरून नवीन आलेला नाही. मोठ्या माणसांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांच्या अंगात तो असतो, तुमच्याही असणार. लहानपणी कोणाच्या तरी लाळेतून, उष्ट्यातून येतो, साध्या तापासारखा होऊन जातो, आणि मग रक्तातल्या बी-पेशींमध्ये जन्मभर मुक्काम ठोकतो. टी-पेशी त्याच्यावर नजर ठेवून असतात, म्हणून काही होत नाही. माझ्या गोळ्यांचं कामच टी-पेशींना गुंगीत ठेवणं, नाहीतर त्या ताईच्या किडनीवर धावून जातील. राखणदार झोपला की तो व्हायरस ज्या बी-पेशीत बसलाय तिला सारखा रेटतो, वाढ, वाढ. आमच्या जुन्या मशीनवर कधी कधी एक कॉपी दाबली की आकडा अडकायचा आणि ९९९ सुरू व्हायच्या. स्टॉप दाबला तरी थांबत नसे, सरळ प्लग काढावा लागे. हे मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आपल्यालाही आधी तेच करून पाहायचंय, काका. प्लग थोडा बाहेर ओढायचा."

म्हणजे गोळ्या कमी करायच्या.

हा आजार किडनी, लिव्हर, हृदय, काहीही बदललेल्या कोणालाही होऊ शकतो. जास्त करून गळ्यातल्या-पोटातल्या गाठींत किंवा आतड्यात दिसतो, आणि हा व्हायरसवाला प्रकार पहिल्या वर्षात अधिक. कातडीपुरताच असणं विरळा. कातडीवरच्यांमध्येही टी-पेशींचा एक वेगळा प्रकार असतो, त्यात हा व्हायरस बहुधा सापडत नाही. बाईंनी माझ्यासारखा एकच आधी पाहिला होता. माझ्या रक्तात व्हायरस मोजला तर जवळजवळ काहीच नाही, आणि गाठीत गच्च. नुसती रक्ततपासणी करून कोणी 'काही नाही' म्हटलं असतं तर मी पेढे वाटले असते.

माझी मुलगी बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने घरी आणखी उकरलं. १९६४ मध्ये लंडनमध्ये एप्स्टीन, अचाँग आणि बार या तिघांनी हा व्हायरस इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला, तोही युगांडाहून विमानाने आलेल्या गाठींच्या तुकड्यांतून वाढवलेल्या पेशींमध्ये. तिथल्या लहान मुलांच्या जबड्यात त्या गाठी येत. माणसाच्या कॅन्सरमध्ये सापडलेला हा पहिला व्हायरस. शोधणारे तिघं आणि नावात दोघंच, हे तिला फार लागलं. आणि १९८४ हे साल तिने मला दोनदा दाखवलं. त्या वर्षी जपानमध्ये त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूतून टॅक्रोलिमस सापडलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेतले लिव्हर बदलणारे सर्जन थॉमस स्टार्झल आणि त्यांच्या सोबत्यांनी लिहिलं की अवयव बदललेल्या रुग्णांतले असले लिम्फोमा, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी केली की विरघळू शकतात. तेव्हा टॅक्रोलिमसच्या जागी सायक्लोस्पोरिन चालायचं. "बाबा, तुमची गोळी आणि तुमचा उपाय एकाच वर्षाचे," म्हणाली. मी तिला म्हटलं, मला उपाय पाहिजे, जयंती नको.

कॅन्सर अंगात आणखी कुठे आहे का ते पाहणारा पेट-स्कॅन झाला. सहा तास उपाशी, साखरेचं किरणोत्सारी इंजेक्शन, मग तासभर एका खोलीत गप्प पडून राहायचं, मोबाइलही नाही. चित्रात फक्त डावी पोटरी पेटलेली, बाकी अंग शांत. त्या तासात मी गोळ्यांचा विचार करत होतो. गाठीपेक्षा मला भीती त्याचीच होती. गोळ्या कमी केल्या आणि अंगाने किडनी नाकारली तर ताईला काय तोंड दाखवू.

फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. बायकोने सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई वर्ध्याहून आली, सरळ दुकानात, काउंटरच्या आत स्टुलावर बसली.

"किडनीचं काही झालं तं?" मी विचारलं.

"तं काय? आधी डायलिसिस करत होता, पुन्हा करशीन. मले काय वापस पायजे हाय का ते?"

मग म्हणाली, पाय दाखव. मी पट्टी सोडली. तिने चष्मा नाकावर खाली ओढला, वाकली, आणि किती तरी वेळ पाहत राहिली. बाहेर एक पोरगा आधार कार्डाची झेरॉक्स पाहिजे म्हणून नाणं वाजवून राहिला होता. "हे पावसाळ्यापासून हाय?" एवढंच बोलली. मग पिशवीतून गोरसपाक बिस्किटांचा पुडा काढून काउंटरवर ठेवला आणि त्या पोराला म्हणाली, "दे बाप्पा, किती कॉप्या?"

उपचार या दवाखान्यात झाले नाहीत, ते किडनीच्या आणि कॅन्सरच्या डॉक्टरांनी केले, पण तिघांना एका फोनवर आणलं ते बाईंनी, माझ्यासमोर, स्पीकर लावून. आपल्याकडे रुग्णच फाइल घेऊन एका डॉक्टरचा निरोप दुसऱ्याला पोचवतो आणि मधे अर्धा विसरतो. इथे तसं झालं नाही. मायकोफेनोलेट बंद, टॅक्रोलिमसची पातळी खाली आणायची, प्रेडनिसोलोन तसंच, क्रिएटिनिन दर आठवड्याला. सहा आठवड्यांत मोठी जखम भरायला लागली, पण शेजारची बारकी हट्टी निघाली. मग रिटुक्सिमॅब, आठवड्याला एक याप्रमाणे चार. हे औषध सीडी२० असलेल्या पेशींवरच जाऊन बसतं, म्हणून रिपोर्टातली ती ओळ महत्त्वाची. २००७ पासून ते भारतातही बनतं, नाहीतर माझ्या दुकानाची मशीन विकून एक डोसही झाला नसता. आधी हिपॅटायटिस बी तपासतात, कारण दबलेली कावीळ हे औषध पुन्हा उठवू शकतं. पहिल्या सलाइनला अंगात थंडी भरली, दात वाजले, मेच्या नागपुरात दोन ब्लँकेटं घेतली. सिस्टरने थेंब हळू केले, ओसरलं. बाकीच्या तीन वेळा मी झोपलो.

क्रिएटिनिन मधे १.६ झालं. ते पंधरा दिवस मी पाणी मोजून प्यायलो आणि लघवी मोजून केली. आता १.४ वर आहे. दसऱ्यापर्यंत पोटरीवर दोन काळे डाग उरले, एक रुपयाएवढा, एक शर्टाच्या बटणाएवढा. परत येऊ शकतं, म्हणून दर तीन महिन्यांनी बेचाळीस पायऱ्या, डोक्यापासून तळपायापर्यंत भिंग. आता मी दर महिन्याला घरीही पाहतो, पाठ बायको पाहते.

मधे एक त्रास झाला तो दवाखान्याचा नाही, लॅबचा. कॅन्सरच्या डॉक्टरांना दुसरं मत हवं होतं, त्यासाठी मूळ ब्लॉक आणि काचा लागतात. लॅबने तीन दिवस फिरवलं. आधी अर्ज, मग आधार, मग 'साहेब जेवायला गेलेत'. शेवटी बाईंचा फोन गेल्यावर पाच मिनिटांत मिळालं. ब्लॉक म्हणजे मेणाची चौकोनी वडी, प्लास्टिकच्या जाळीदार डबीत, वर पेन्सिलीने नंबर. मेणाच्या मधे तपकिरी ठिपका दिसतो, तो मी. उन्हात ठेवू नका, मेण वितळतं, मी डिकीत ठेवणार होतो. तो तुमचा हक्काचा आहे, मागा, आणि दिल्याची पोच द्या. काम झाल्यावर वापस लॅबमध्येच ठेवा, तिथे नीट राहतो.

फी सहाशे, तपासणीचे सातशे वेगळे, लॅबचं बिल लॅबला. महाग म्हणणार नाही. गुरुवारी बंद. गोरं व्हायला, लग्नाआधी चेहरा चमकवायला जाणार असाल तर जाऊ नका, बाई ओरडतात. माझ्यासमोर एका नवरदेवाला क्रीमच्या नावावरून घरी पाठवलं. अवयव बदललेला कोणी असेल, दमा-संधिवाताच्या भारी गोळ्या खाणारा कोणी असेल, आणि अंगावर महिनाभर न जाणारं काही असेल, तर गोळ्यांची डबी घेऊन जा. प्रिस्क्रिप्शन नको, डबीच. आणि पायजमा सैल घाला, वर सरकवता आला पाहिजे.

अजून एक. तळमजल्यावर झेरॉक्सवाला आहे, दवाखान्यातून खाली पाठवतात तो. एका पानाचे तीन रुपये घेतो, टोनर फिका, आणि दोन्ही बाजू म्हटलं तर दुसरी उलटी काढतो. फॉर्मचं मागचं पान वाचता आलं पाहिजे. घरूनच काढून न्या.